एनॅमलचे पैसे नक्की कशाचे? सस्काटूनच्या थंडीत स्टोव्ह निवडताना

समजा, तुम्ही सस्काटूनमध्ये किंवा शहराबाहेर थोड्या अंतरावर पहिलं घर घेतलंय. घरात गॅसची फर्नेस आहेच, पण जानेवारीत एखाद्या रात्री वीज गेली तर काय, हा प्रश्न डोक्यात आहे. कारण फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा आणि नियंत्रण विजेवरच चालतं. म्हणून तुम्ही लाकडावर चालणारा स्टोव्ह घ्यायचं ठरवता. (स्टोव्ह म्हणजे इथे आजीच्या घरातला पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह नव्हे. घर गरम करणारी, काचेचं दार असलेली, धुरांड्याला जोडलेली बंद लोखंडी पेटी.) मॉडेल ठरतं, आकार ठरतो, आणि शेवटी दुकानदार विचारतो, "साधा काळा रंग हवा की एनॅमल?" एनॅमलचे काहीशे डॉलर जास्त. समोर गडद निळा, लाल, हस्तिदंती असे चकचकीत नमुने ठेवलेले असतात, आणि त्यांच्या शेजारी तो मंद काळा स्टोव्ह एकदम गरीब वाटायला लागतो.

हे जास्तीचे पैसे नक्की कशाचे आहेत? उबेचे, टिकाऊपणाचे, की दिसण्याचे? हे वेगळं केल्याशिवाय महाग की स्वस्त ते ठरवता येत नाही. आणि सस्काटूनमध्ये हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. १ फेब्रुवारी १८९३ रोजी इथे उणे ५० अंश सेल्सियसची नोंद झाली होती. तेवढी थंडी रोज पडत नाही, पण उणे तीसच्या रात्री दर हिवाळ्यात येतात. अशा ठिकाणी स्टोव्हवर खर्च केलेला प्रत्येक डॉलर योग्य जागी गेलेला बरा.

एनॅमल म्हणजे काय?

एनॅमल हा रंग नाही, ती काच आहे. वाळू, टाकणखार, सोडा आणि काही धातूंची ऑक्साइडं एकत्र वितळवून काच करतात, तिची बारीक भुकटी करतात, ती लोखंडावर फवारतात किंवा लोखंड तिच्या पातळ लगद्यात बुडवतात, आणि मग भट्टीत साधारण ८०० अंशांच्या आसपास भाजतात. भुकटी वितळते आणि धातूला कायमची चिकटते. दागिन्यांवरचं मीनाकाम तुम्ही पाहिलं असेल. त्यातही रंगीत काच धातूवर वितळवलेली असते. निळ्या कडेचा पांढरा मग, जुन्या घरांच्या निळ्या नंबरपाट्या, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी.

काच आणि लोखंड यांची जोडी तशी अवघड. तापल्यावर दोन्ही फुगतात आणि निवल्यावर आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. काच दाबाला खंबीर असते, ताणाला मात्र कच्ची. म्हणून एनॅमलची काच अशी बनवतात, की भट्टीतून बाहेर आल्यावर लोखंड तिच्यापेक्षा थोडं जास्त आकसेल. मग काच कायम किंचित दाबलेल्या अवस्थेत राहते आणि सहजासहजी तडकत नाही. ती लोखंडाला घट्ट धरून राहावी म्हणून खालच्या थरात कोबाल्ट किंवा निकेलची ऑक्साइडं घालतात. हे सगळं साधायला कारखान्याची भट्टी लागते. एनॅमल महाग का आणि घरी दुरुस्त का होत नाही, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर इथेच आहे. दुसऱ्या बाजूला, स्टोव्हचा साधा काळा रंग म्हणजे सिलिकोन रेझिनचा, उष्णता सहन करणारा रंग. तो फवाऱ्याच्या डब्यात मिळतो आणि पुन्हा पुन्हा मारता येतो.

एनॅमलमुळे ऊब वाढते का?

नाही. "काळा रंग जास्त उष्णता फेकतो" हे आपण शाळेत शिकलेलो असतो, त्यामुळे काहींना उलटीच भीती वाटते, की हस्तिदंती स्टोव्ह घेतला तर खोली कमी तापेल. तीही भीती फोल आहे. आकडे मांडून बघू.

तापलेला पृष्ठभाग किती उष्णता फेकतो हे त्याच्या उत्सर्जकतेवर अवलंबून असतं. आदर्श काळ्या वस्तूची उत्सर्जकता १ धरतात. मंद काळ्या स्टोव्ह-रंगाची साधारण ०.९५, आणि एनॅमलची साधारण ०.९. एनॅमल निळं असो, लाल असो की पांढरं, आकडा त्याच्या आसपासच राहतो. कारण आपल्या डोळ्यांना दिसतो तो रंग दृश्य प्रकाशातला, आणि स्टोव्ह खोलीला ऊब देतो ती अवरक्त किरणांतून. त्या किरणांपुरता पांढरा एनॅमलही जवळजवळ काळाच असतो.

आता स्टोव्हचा पृष्ठभाग २५० अंशांवर आणि खोली २० अंशांवर आहे असं समजा. एक चौरस मीटर काळा रंग साधारण ३.६ किलोवॅट उष्णता किरणांच्या रूपात देईल, एनॅमल साधारण ३.४. फरक पाच टक्क्यांचा. तोही प्रत्यक्षात बहुतेक भरून निघतो, कारण उष्णता कमी बाहेर पडली की पृष्ठभागच थोडा अधिक तापतो. सहा अंशांची वाढ झाली की दोघे बरोबरीत येतात. शिवाय स्टोव्ह बराचसा भाग हवा तापवून खोलीला देतो, आणि त्याच्याशी रंगाचा संबंध नाही. फरक पडतो तो घासून चकचकीत केलेल्या उघड्या धातूचा. त्याची उत्सर्जकता खूपच कमी, ०.१ ते ०.२ इतकी असू शकते. पण तसा आख्खा स्टोव्ह कोणी विकत नाही.

थोडक्यात, एनॅमलच्या पैशांत उबेचा एक डॉलरही नसतो. "एनॅमल उष्णता धरून ठेवतं" असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा. उष्णता धरून ठेवतं ते बिडाचं किंवा दगडाचं वजन, वरचा पातळ काचेचा थर नाही.

मग पैसे कशाचे?

पैसे आहेत ते कष्ट वाचवण्याचे, गंज टाळण्याचे आणि दिसण्याचे. तिन्ही वेगवेगळे तपासायला हवेत.

आधी कष्ट. आपल्याकडे मातीची चूल रोज सकाळी पोतेऱ्याने सारवायची, नाहीतर ती भेगाळायची. प्रेअरीतल्या बिडाच्या चुलीलाही असंच रोजचं दुखणं होतं. उघडं बीड गंजतं, म्हणून त्यावर ग्रॅफाइटची काळी पॉलिश घासावी लागे. हात काळे, फडकं काळं, जवळून गेलं तर कपडेही काळे. हे काम घरातल्या बाईच्या वाट्याला येई. सस्काटूनच्या वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियममध्ये १९१० सालच्या गावाचा एक आख्खा रस्ता उभा केलाय. तिथून चालताना त्या काळातल्या घरकामाचा अंदाज येतो. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत स्वयंपाकाच्या चुली पांढऱ्या, हस्तिदंती, हिरव्या एनॅमलमध्ये आल्या, तेव्हा त्या दिसायला देखण्या होत्याच, पण खरी सुटका त्या घासण्यापासून होती. ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

आज ही तुलना तशी उरलेली नाही. आजच्या साध्या स्टोव्हवर उघडं बीड नसतं, कारखान्यातच उष्णतारोधक रंग मारलेला असतो. त्याला रोजची पॉलिश लागत नाही. म्हणजे एनॅमलने ज्या कष्टातून सोडवलं ते कष्टच आता राहिले नाहीत. उरतो तो लहानसा फायदा. एनॅमलवर सांडलेलं दूध किंवा उतू गेलेला चहा पुसता येतो, मंद काळ्या रंगावर डाग राहतो.

आता गंज. समुद्राकाठी, म्हणजे व्हँकुव्हर किंवा हॅलिफॅक्ससारख्या दमट जागी, एनॅमलचं हे काम मोलाचं आहे. सस्काटूनचा हिवाळा मात्र कोरडा. बाहेरची गोठलेली हवा घरात येऊन तापली की इतकी कोरडी होते, की ओठ फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. अशा घरात स्टोव्ह गंजायला पाणी कुठून मिळणार? एक अपवाद आहे, आणि तो आपणच तयार करतो. हवेत ओलावा यावा म्हणून बरेच जण स्टोव्हवर पाण्याची किटली ठेवतात. तिच्या तळाशी थेंब ओघळतात आणि काळ्या रंगावर तांबूस कडी उमटतात. किटलीखाली जाळीची तिवई ठेवली की हा प्रश्न जवळपास सुटतो. दुसरा अपवाद उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या केबिनचा. ती महिनोन्महिने बंद असते, वसंतात बर्फ वितळताना आत दमटपणा येतो. तिथे एनॅमलचा विचार करायला जागा आहे.

एक छोटा फायदा सहसा कोणी सांगत नाही. नवा काळा स्टोव्ह पहिल्या दोन-तीन वेळा पेटवला की रंग भाजला जातो आणि घरभर वास व धूर होतो. तेव्हा खिडक्या उघड्या टाकाव्या लागतात. उणे तीसमध्ये हे करून बघू नका. स्टोव्ह सप्टेंबरातच बसवून पेटवून घ्या. एनॅमलच्या स्टोव्हचा हा वास कमी असतो. पूर्ण नाहीसा होतोच असं नाही, कारण त्याचेही काही भाग रंगवलेलेच असतात.

टवका उडाला तर?

आपल्याकडे पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की कल्हईवाला यायचा, भाता फुंकायचा, आणि पंधरा मिनिटांत भांडं पुन्हा चांदीसारखं. काळा रंग हा कल्हईसारखा आहे. गेला की परत लावता येतो. उन्हाळ्यात स्टोव्ह थंड असताना तारेच्या ब्रशने घासायचा, पुसायचा, आसपास वर्तमानपत्र लावायचं आणि फवारा मारायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

एनॅमलला कल्हईवाला नाही. टवका उडाला की उडाला. रंगाच्या बाटलीने डाग झाकता येतो, पण जवळून बघणाऱ्याला तो दिसतोच. नीट दुरुस्ती म्हणजे तो आख्खा भाग बदलणं, आणि पाच-सात वर्षांनी कंपनी तो रंग बनवत असेलच असं नाही.

टवका उडायची कारणं सस्काटूनमध्ये काही कमी नाहीत. अंगणातून आणलेला, बर्फाने माखलेला ओंडका क्षणभर तापलेल्या स्टोव्हवर टेकवला, तर एकाच वेळी दोन संकटं. ओंडक्याचा आघात आणि वितळत्या बर्फाचा अचानक गारवा. काचेचा गरम पेला थंड पाण्यात धरल्यावर जे होतं तेच इथे होऊ शकतं. रात्रभर उणे वीसमध्ये गोठलेल्या केबिनमधला स्टोव्ह आल्याआल्या भडकवला, तरी एनॅमलला आणि बिडालाही त्रास होतो. पहिला अर्धा तास छोटी चिपाटंच जाळायची. कडा आणि कोपरे तर सगळ्यात नाजूक, कारण तिथे काचेचा थर नीट बसत नाही.

म्हणून दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: एनॅमल नेमकं कुठे आहे? आगीच्या पेटीवरच आहे की बाहेरच्या आवरणावर? अनेक पोलादी स्टोव्हांना बाहेरून वेगळं आवरण असतं आणि एनॅमल त्यावर असतं. ते कमी तापतं, म्हणून जास्त टिकतं, आणि बदलायचं झालं तर सुटं काढता येतं.

आता हिशेब

एनॅमलचा फरक मॉडेलप्रमाणे बदलतो. गणितासाठी ५०० डॉलर धरू. त्यावर सस्कॅचेवानमध्ये ५ टक्के जीएसटी आणि ६ टक्के पीएसटी, म्हणजे ५५५. स्टोव्ह वीस वर्षं टिकला तर वर्षाला २८ डॉलरही पडत नाहीत. काळ्या स्टोव्हला त्या वीस वर्षांत तीन वेळा रंग मारला, दर वेळी ब्रश-डबा-हातमोजे मिळून ४० डॉलर धरले, तर १२० डॉलर आणि तीन अर्धे दिवस. निव्वळ फरक ४३५, वर्षाला साधारण २२ डॉलर. एनॅमलचा एखादा भाग मध्येच बदलावा लागला तर तो यात मिळवायचा.

असं मांडलं तर एनॅमल ही काही उधळपट्टी नाही. रोज डोळ्यासमोर असणारी वस्तू, सहा महिने जिच्याभोवती घर बसतं, ती सुंदर असावी म्हणून वर्षाला २२ डॉलर हा मला तरी गुन्हा वाटत नाही. पण वर्षाला २२ हा हिशेब ज्याच्या हातात पैसे आहेत त्याचा. नुकतं घर घेतलेल्या माणसाला ५५५ डॉलर एकदम, पहिल्याच दिवशी द्यायचे असतात. तेव्हा विचारायचं ते हे, की त्याच ५५५ डॉलरवर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे?

रांगेत एनॅमलच्या पुढे कोण आहे

सगळ्यात पुढे धुरांडं. त्याचा खर्च पुष्कळदा स्टोव्हच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून लोक तिथेच काटकसर करतात. घराबाहेरून भिंतीलगत वर नेलेलं धुरांडं इथल्या थंडीत गार पडतं, ओढ कमी होते, आणि धुरातलं डांबर आत गोठून साचतं. तेच पुढे पेट घेतं. शक्य असेल तिथे धुरांडं घराच्या आतून वर न्यावं, भले त्यासाठी एनॅमल सोडावं लागो.

त्यानंतर कागदपत्रं आणि सुरक्षा. बसवण्याचे नियम कॅनडात सीएसए बी३६५ या संहितेत आहेत. शहरात असाल तर आधी महापालिकेकडे परवान्याची चौकशी करा. घराचा विमा देणाऱ्या कंपन्या सहसा वेट या संस्थेचं प्रशिक्षण घेतलेल्या तपासनिसाचा अहवाल मागतात. विमा कंपनीला न सांगता स्टोव्ह बसवणं म्हणजे आख्खं घर पणाला लावणं. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा. या वायूला ना रंग, ना वास.

मग सरपण. इथे मिळतं ते बहुतेक पॉप्लर, बर्च, पाइन. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ४० टक्के ओल असलेलं दहा किलो लाकूड जाळलं, तर त्यात चार लिटर पाणी आहे. ते आधी उकळून वाफ करण्यातच तुमचं लाकूड खर्ची पडतं. ओल मोजायचं लहानसं यंत्र काही दशक डॉलरांत येतं, आणि सरपण झाकायला एक बरं छप्पर. उबेच्या हिशेबात हे एनॅमलच्या कितीतरी पुढे आहेत.

स्टोव्हची जातही बघा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मे २०२० पासूनची मर्यादा ताशी २ ग्रॅम धूरकणांची आहे, आणि खऱ्या सरपणावर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅमची. कॅनडात विकले जाणारे बरेच स्टोव्ह याच कसोटीतून जातात. जुना, स्वस्तात मिळालेला, चकचकीत एनॅमलचा पण अप्रमाणित स्टोव्ह आणि नवा, प्रमाणित, काळा स्टोव्ह यात निवड असेल, तर दुसऱ्यांदा विचारही करू नका.

आणि शेवटी खुद्द घर. १९७७ साली सस्कॅचेवानची राजधानी रजायनामध्ये सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस नावाचं एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. ते घडवणाऱ्यांत सस्काटूनमध्ये काम करणारे अभियंते हॅरल्ड ऑर होते. भिंतींना आर-४० आणि छताला आर-६० इतकं जाड उष्णतारोधक, सगळ्या फटी बंद, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा. नेहमीच्या फर्नेसशिवाय ते घर प्रेअरीच्या हिवाळ्यात उबदार राहत असे. पुढे जर्मनीत जी पॅसिव्ह हाउसची चळवळ झाली, तिच्या पूर्वजांत या घराचं नाव घेतात. या मंडळींचं सांगणं साधं होतं. ऊब तयार करण्याआधी ती गळू देऊ नका. दाराच्या पट्ट्या, माळ्याच्या झडपेभोवतीच्या फटी, तळघराच्या कडेची पोकळी बुजवायला ५५५ डॉलर पुष्कळ होतात.

मात्र घर बंदिस्त झालं की एक नवी अडचण येते, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातून येते. फोडणी टाकताना आपण ओट्यावरचा एग्झॉस्ट पूर्ण वेगात लावतो. फटी नसलेल्या घरात त्या पंख्याला हवा हवी असते, आणि ती तो मिळेल तिथून ओढतो. सगळ्यात सोपी वाट धुरांड्याची. मग स्टोव्हचा धूर वर जायच्या ऐवजी खोलीत उतरतो. उपाय म्हणजे स्टोव्हला बाहेरची हवा थेट देणारी नळी बसवणं, आणि फोडणीच्या वेळी जवळची खिडकी बोटभर उघडणं. ही नळी तुमच्या मॉडेलला जोडता येते का, हे रंगाच्या आधी विचारा.

तर काय करावं?

सस्काटूनमधल्या रोज राहत्या घरासाठी, बजेट ओढाताणीचं असेल तर काळा रंग निःशंक घ्या. उबेत काही कमी पडणार नाही, गंजाची भीती थोडी, आणि खराब झाला तर स्वतःच्या हाताने नीट करता येतो. वरची सगळी यादी पूर्ण झाली असेल, पैसे उरत असतील आणि तो निळा रंग मनात भरलाच असेल, तर एनॅमल घ्या आणि आनंदाने घ्या. फक्त ते दिसण्यासाठी घेतलंय हे स्वतःला माहीत असू द्या. तळ्याकाठची केबिन असेल किंवा स्टोव्हवर रोज चहा-पिठलं शिजणार असेल, तर एनॅमलचं पारडं थोडं जड होतं. काही मॉडेलांत नुसता वरचा भाग एनॅमलचा घेता येतो, तेही विचारून बघा.

एक गोष्ट मात्र ऑर्डर देताना विसरू नका. काळा स्टोव्ह नंतर हवा तेव्हा रंगवता येतो, पण एनॅमल नंतर चढवता येत नाही, तो निर्णय त्याच दिवशीचा. म्हणून दुकानातून दोन वेगळे दर कागदावर लिहून घ्या, एक काळ्याचा आणि एक एनॅमलचा, दोन्ही कर आणि धुरांड्यासकट. घरी या, वरची यादी शेजारी ठेवा, आणि प्रत्येक ओळीपुढे डॉलर लिहा. बेरीज झाल्यावर खाली जे उरेल त्यातून रंग निवडा.